मिग-२१ च्या किटसाठी कोणत्या ॲक्सेसरीज घ्याव्यात आणि कोणत्या सोडून द्याव्यात

आपल्या प्रश्नाचा गाभा मला समजला तो असा. आपले वडील नाशिकजवळच्या ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये नोकरीला होते आणि त्यांच्यासाठी आपल्याला भारतीय वायुसेनेच्या मिग-२१ ची १/४८ प्रमाणातील प्रतिकृती करायची आहे. याआधी आपण १/७२ ची काही विमाने केवळ डब्यात मिळालेल्या भागांवर पूर्ण केली आहेत. आता एड्युआर्ड कंपनीचे मिग-२१ बिसचे किट घ्यायचे ठरवल्यावर विक्रेत्याने आपल्याला रेझिनचे कॉकपिट, थ्री-डी प्रिंट केलेले एक्झॉस्ट, फोटोएचचे (कोरीव धातुपत्र्याचे) दोन संच, रेझिनची चाके, धातूची पिटो नळी (नाकावरची हवेचा वेग मोजणारी नळी), रंगवताना काच झाकायचे मास्क आणि वेगळे डीकल (पाण्यात भिजवून लावायच्या छापील खुणा) अशी यादी पाठवली, आणि त्या सर्वांची बेरीज किटच्या किमतीपेक्षा अधिक होत आहे. यातले आवश्यक काय, आणि थोडे थांबल्यास आणखी चांगले किट बाजारात येईल का, असे आपण विचारले आहे.

यादीतील बहुतेक वस्तू आपापल्या जागी चांगल्या असतात, त्यामुळे कोणती ॲक्सेसरी उत्तम असा विचार करत बसल्यास निर्णय होणार नाही. विचार दोन गोष्टींचा करायचा असतो. या विमानाचा कोणता भाग प्लास्टिकच्या साच्यातून नीट निघूच शकत नाही, आणि विमानाचे दोन्ही अर्धे चिकटवून ते कपाटात ठेवल्यानंतर त्या भागांपैकी कोणता भाग डोळ्यांना दिसत राहतो. ज्या भागाला या दोन्ही कसोट्या लागू पडतात त्यावर पैसे खर्च करावेत. बाकी सारे ऐच्छिक आहे.

परंतु त्याआधी एक गोष्ट निश्चित करावी लागेल, कारण ती चुकली तर पुढची सर्व खरेदी चुकते. आपल्याला नक्की कोणते मिग-२१ करायचे आहे? ओझरला परवान्याखाली मिग-२१ चे तीन मुख्य प्रकार बनले. एफएल, ज्याला कारखान्यात आणि वायुसेनेत टाइप ७७ म्हणत. एम, म्हणजे टाइप ९६. आणि बिस, म्हणजे टाइप ७५. हे तीनही दिसायला सारखे वाटले तरी प्रतिकृतीच्या दृष्टीने वेगवेगळी विमाने आहेत. एफएलमध्ये अंगभूत तोफ नव्हती, पोटाखाली तोफेचे वेगळे पॉड टांगावे लागे, आणि त्याची पाठ बिसच्या तुलनेत सडपातळ होती. बिसमध्ये जीएसएच-२३ ही दुहेरी नळीची तोफ पोटातच बसवलेली आहे आणि कॉकपिटच्या मागून शेपटीकडे जाणारा कणा चांगलाच फुगीर आहे. त्यामुळे बिसच्या डब्यातून एफएल तयार होत नाही. वडिलांनी कोणत्या काळात काम केले आणि त्यांच्या आठवणीतले विमान कोणते, हे त्यांना विचारल्याशिवाय मागणी नोंदवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

बिसनंतरच्या बायसन आवृत्तीबाबत तर अधिक सावध राहावे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला वायुसेनेने मिग-२१ ला निरोप दिला तेव्हा शेवटपर्यंत उडत असलेली विमाने बायसन होती. साहजिकच त्या समारंभाची छायाचित्रे पाहून अनेक जण बिसचे किट घेतात आणि त्यावर बायसनचे डीकल लावतात. बायसनची समोरची काच एकसंध, मधल्या चौकटीविना असते. बिसची काच तीन भागांत विभागलेली असते. विमानाकडे समोरून पाहताना सर्वांत आधी हाच फरक डोळ्यांत भरतो. त्याशिवाय बायसनवर अँटेना वेगळ्या आहेत आणि फ्लेअर (क्षेपणास्त्राला चकवणाऱ्या ज्वाळा) सोडणारे डबे जोडलेले आहेत. बायसन करायचे असेल तर त्यासाठीचा काचेचा बदलभाग हीच पहिली खरेदी ठरते आणि कॉकपिटचे तपशील त्यानंतर येतात. यापुढचे सर्व विवेचन मी आपण लिहिल्याप्रमाणे बिस गृहीत धरून करतो.

आता प्लास्टिकच्या मर्यादेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण ॲक्सेसरीजची सारी बाजारपेठ या मर्यादेवर उभी आहे. किटचे भाग पोलादी साच्यात वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने भरून तयार होतात. साच्याचे दोन अर्धे एकमेकांपासून सरळ रेषेत दूर होतात आणि भाग बाहेर पडतो. तो न अडकता बाहेर पडावा म्हणून त्याच्या भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो, आतल्या बाजूस वळलेल्या खाचा ठेवता येत नाहीत, आणि साच्याचे अर्धे जिथे मिळतात तिथे जोडरेषा उमटते. काही कंपन्या तिसऱ्या दिशेने सरकणारा साचा वापरतात आणि त्यामुळे पोकळ नळ्या किंवा एकसंध हवाद्वारे शक्य होतात, पण असे साचे महाग असतात आणि प्रत्येक भागासाठी वापरले जात नाहीत. शिवाय प्लास्टिक एका मर्यादेपेक्षा पातळ करता येत नाही, कारण ते साच्यात शेवटपर्यंत पोहोचतच नाही.

या मर्यादेचा अर्थ आकड्यांत पाहिल्यास लगेच कळतो. १/४८ प्रमाणात एक मिलिमीटर जाडीचा भाग हा खऱ्या विमानावर ४८ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पाच सेंटिमीटर जाडीचा ठरतो. विमानाचा पत्रा प्रत्यक्षात एक-दोन मिलिमीटरचा असतो. म्हणून प्लास्टिकचा सीटबेल्ट गादीसारखा दिसतो, अँटेनाची पाती लाकडी फळीसारखी दिसते, आणि एक्झॉस्टच्या पाकळ्यांची कड जाड भासते. फोटोएचचा पितळी पत्रा साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा असतो, म्हणजे तोही प्रमाणात पाच ते दहा मिलिमीटरचा होतो. तरीही डोळ्यांना तो पटतो. आकार बरोबर असूनही प्रतिकृती खेळण्यासारखी का वाटते, असा प्रश्न पडला तर नव्वद टक्के वेळा उत्तर कडांच्या जाडीत असते, असा माझा अनुभव आहे.

आता यादीतल्या पदार्थांकडे वळू. प्रत्येक पदार्थ प्लास्टिकची वेगळी उणीव भरून काढतो आणि त्याबरोबर स्वतःची एक अडचण घेऊन येतो.

फोटोएच म्हणजे रसायनाने कोरलेला पातळ धातूचा पत्रा. जे मुळातच सपाट आणि पातळ असते, त्यासाठी त्याला पर्याय नाही. बेल्ट, जाळ्या, अँटेनाची पाती, झाकणांच्या कडा, चाकांच्या दारांचे आतले सांगाडे यांत तो शोभतो. परंतु गोल वस्तू सपाट पत्र्यातून होत नाही. कंट्रोल स्टिक, लिव्हर, गोल बटणे फोटोएचमध्ये दिली असतील तर ती बाजूला ठेवावीत आणि प्लास्टिकचीच वापरावीत. बाजूने पाहताना पत्र्याचा लिव्हर अगदी केविलवाणा दिसतो. हे भाग सुपरग्लूने चिकटवावे लागतात, साधा प्लास्टिक सिमेंट धातूला धरत नाही. कापताना काच किंवा चकचकीत फरशीचा तुकडा खाली ठेवावा, कारण मऊ कटिंग मॅटवर पत्रा दबतो आणि वाकतो. रंगीत छापून आलेल्या फोटोएचची आणखी एक अडचण आहे. मिगच्या कॉकपिटमधला तो ओळखीचा निळसर हिरवा रंग बाटलीतून आणून भिंतींना लावला, तर तो पॅनेलवर छापलेल्या छटेशी क्वचितच जुळतो. मी आधी छापील पॅनेल प्लास्टिकच्या शेजारी ठेवतो, त्याच्याकडे पाहत रंगात थोडा पांढरा किंवा निळा मिसळतो आणि मगच कॉकपिट रंगवतो. हा क्रम उलटा केल्यास पुन्हा सगळे रंगवावे लागते.

रेझिनचे भाग रबरी साच्यात ओतून तयार होतात. रबर ताणले जाते, म्हणून आतल्या खाचा, कपड्याच्या चुण्या, तारांची गुंतवळ हे सारे त्यात उतरते. त्याची किंमत आपल्याला ओतणीचा ठोकळा कापण्याच्या रूपाने द्यावी लागते. हा ठोकळा बारीक करवतीने कापायचा असतो आणि कापण्याची रेषा तिरकी गेली तर भाग वाया जातो. संपूर्ण रेझिन कॉकपिट घेतल्यास विमानाच्या धडाची आतली भिंत घासून पातळ करावी लागते, आणि किती पातळ, याचे उत्तर सूचनापत्रकात मिळत नाही; घासत आणि जुळवत जावे लागते. रेझिनची धूळ फुप्फुसाला अपायकारक असते, म्हणून घासकाम नेहमी ओल्या सँडपेपरने करावे, नाकातोंडावर चांगला मास्क लावावा आणि टेबल ओल्या फडक्याने पुसावे. घरात लहान मुले असतील तर हे काम त्यांच्यापासून दूर करावे.

थ्री-डी प्रिंटिंगने गेल्या काही वर्षांत या क्षेत्राचे चित्रच पालटले आहे, आणि मला त्याचे मनापासून कौतुक वाटते. पूर्वी दहा-बारा तुकड्यांतून जोडावे लागणारे इजेक्शन सीट आता बेल्ट, कप्पे आणि हँडलसह एकाच तुकड्यात मिळते. ठोकळा कापण्याऐवजी बारीक आधारकाड्या तोडायच्या असतात. मात्र हा पदार्थ ठिसूळ असतो. काड्या नखाने मोडू नयेत, धारदार ब्लेडने एकेक करून भागापासून किंचित दूर कापाव्यात आणि उरलेला खुंट नंतर घासावा. भागाच्या पृष्ठभागावर थरांच्या रेषा दिसत असतील तर प्रायमरचा पातळ हात देऊन त्या तपासाव्यात. याच तंत्राचा दुसरा अवतार म्हणजे कागदावर छापलेले, हाताला उठाव जाणवणारे रंगीत इन्स्ट्रुमेंट पॅनेल, जे डीकलप्रमाणे पाण्यात भिजवून लावतात. रशियाच्या क्विंटा स्टुडिओमुळे हा प्रकार रूढ झाला आणि आता एड्युआर्डसह अनेक कंपन्या तो देतात. कॉकपिट रंगवण्याचा पुरेसा सराव नसलेल्या माणसासाठी यासारखी सोय दुसरी नाही. केवळ त्याच्या पाठीला थोडा पांढरा गोंद लावण्यास विसरू नये, कारण नुसत्या डीकलच्या चिकटपणावर तो कालांतराने सुटतो.

लेथवर कातलेल्या धातूच्या नळ्या हा यादीतला सर्वांत साधा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रकार. मिग-२१ च्या नाकावर पुढे आलेली लांब पिटो नळी ही त्या विमानाची ओळख आहे. बिसमध्ये ती हवाद्वाराच्या वर, मध्यरेषेपासून किंचित उजवीकडे बसते. प्लास्टिकची नळी जोडरेषा घासताना अंडाकृती होते, आणि पुढे कधीतरी कपाट पुसताना मोडते. धातूची नळी गोल राहते, टोकाला निमुळती होत जाते आणि धक्का सोसते. ती सर्वांत शेवटी बसवावी, पण तिच्यासाठीचे भोक मात्र नाक चिकटवण्यापूर्वीच पाडून जुळवून पाहावे.

इतके सांगितल्यावर, आपल्या जागी मी काय घेईन ते लिहितो. प्रथम किटचा डबा कोणत्या श्रेणीचा आहे ते पाहीन. एड्युआर्डचे १/४८ चे मिग-२१ पहिल्यांदा २०११ मध्ये आले आणि त्यानंतर त्याच साच्यांच्या कुटुंबातून अनेक प्रकार निघाले. त्यांच्या प्रोफीपॅक श्रेणीच्या डब्यात रंगीत फोटोएच आणि कॅनोपीचे (कॉकपिटवरच्या काचेच्या झाकणाचे) मास्क आधीच दिलेले असतात. स्वस्त वीकेंड श्रेणीत फोटोएच सहसा नसते. प्रोफीपॅक घेऊन त्यावर पुन्हा तोच रंगीत फोटोएच आणि तेच मास्क विकत घेणारे लोक मी पाहिले आहेत, आणि आपल्या यादीतले फोटोएचचे दोन संच पाहून मला तीच शंका येते. डब्याच्या बाजूला छापलेली सामग्री वाचून यादीतल्या दोन-तीन ओळी कदाचित तिथेच खोडता येतील.

मास्क डब्यात नसतील तर ती पहिली खरेदी. काचेच्या चौकटीची कड सरळ आणि स्वच्छ असली की सारी प्रतिकृती नेटकी दिसते, आणि हाताने कापलेल्या टेपने ती कड तशी साधण्यास बराच सराव लागतो. त्यानंतर धातूची पिटो नळी. मग रेझिनची किंवा प्रिंट केलेली चाके: त्यांत टायर जमिनीवर किंचित दबलेला असतो, जोडरेषा नसते, रिमचे तपशील खोल असतात, आणि रेझिनबरोबर पहिल्यांदाच काम करणाऱ्याला शिकण्यासाठी यापेक्षा निर्धोक भाग नाही, कारण काही बिघडले तर किटची मूळ चाके हाताशी असतात. चौथे, कॅनोपी उघडी ठेवणार असाल तर, इजेक्शन सीट. मिगचे कॉकपिट अरुंद आहे आणि केएम-१ सीट ते जवळजवळ भरून टाकते; म्हणून एक चांगले सीट बसवले की पूर्ण रेझिन कॉकपिटचा बहुतांश परिणाम मिळतो आणि धडाची भिंत घासण्याचे कष्ट वाचतात. बिसची कॅनोपी उजवीकडे उघडते, त्यामुळे डावीकडून पाहणाऱ्याला सीट पूर्ण दिसते. कॅनोपी बंद ठेवायची असेल तर सीटही घेऊ नये. डब्यातले सीट आणि फोटोएचचे बेल्ट पुरतात.

एक्झॉस्ट मी या क्रमात मुद्दाम खाली ठेवतो. प्रिंट केलेली एक्झॉस्ट अतिशय देखणी असते, परंतु मिग-२१ मध्ये तिचा मोठा भाग धडाच्या आत दडलेला असतो आणि बरोबर मागून पाहिल्याशिवाय तिचे सौंदर्य दिसत नाही. ती घेण्याचे एकच ठोस कारण मला आपल्या प्रश्नात सापडते. आपले वडील कारखान्याच्या कोणत्या विभागात होते, हे आपण लिहिलेले नाही. ते इंजिनाशी संबंधित काम करत असतील तर त्यांची नजर पहिल्यांदा शेपटीकडेच जाईल, आणि मग सीटचे पैसे एक्झॉस्टकडे वळवणे योग्य ठरेल. लँडिंग गिअर किंवा हायड्रॉलिक्समध्ये असतील तर चाकांच्या खोबणीतल्या नळ्या आणि तारा हा खर्चाचा विषय होईल, एरवी मी ज्यांना हातही लावला नसता. प्रतिकृती कोणासाठी आहे यावर तपशिलाची जागा ठरते, त्यामुळे वर दिलेला क्रम कपाटासमोर उभ्या राहणाऱ्या सर्वसाधारण पाहुण्याला गृहीत धरून आहे, एवढे लक्षात ठेवावे.

वजनाचा मुद्दा लहान आहे, पण तो विसरला जातो. पुढे एक आणि मागे दोन चाके असलेले विमान शेपटीवर बसू शकते, आणि मागच्या टोकाला रेझिनचे भरीव भाग बसवल्यास ही शक्यता वाढते. सर्व मोठे भाग टेपने जोडून, मुख्य चाकांच्या जागी धडाला आधार देऊन तोल पाहावा. गरज वाटली तर हवाद्वारातल्या शंकूच्या पोकळीत शिशाचे तुकडे गोंदाने घट्ट बसवावेत. नाक बंद झाल्यानंतर ही सोय उरत नाही.

आता थांबण्याबद्दल. नव्या किटच्या घोषणा वर्षभर होतच असतात. एअरफिक्सचे वार्षिक नियोजन जानेवारीत कळते, न्यूरेम्बर्गचा खेळण्यांचा मेळा त्याच सुमारास भरतो, जपानमधला शिझुओकाचा हॉबी शो मे महिन्यात आणि ब्रिटनमधला टेलफर्डचा मोठा मेळावा नोव्हेंबरमध्ये असतो. यातल्या प्रत्येक घोषणेची वाट पाहत राहिल्यास विमान कधीच तयार होणार नाही. दुसरे म्हणजे, किट नवे येते तेव्हा त्याच्या ॲक्सेसरीज लगोलग आलेल्या नसतात. बहुतेक वेळा त्यांना काही महिने लागतात. एड्युआर्डचे मिग-२१ आता बरीच वर्षे बाजारात आहे, त्यामुळे त्याच्या चुका आणि चांगल्या बाजू सर्वांना ठाऊक आहेत आणि त्यासाठीचे भागही मुबलक आहेत. १/४८ मध्ये बिस करायचे असेल तर थांबण्याचे कारण मला दिसत नाही.

मात्र ‘नवे’ या शब्दाने फसू नये, याचा एक धडा इथे नोंदवतो. डबा नवा असतो, आतला साचा कित्येक दशके जुना असू शकतो. कधी एकाच कंपनीची, एकाच विमानाची, एकाच प्रमाणातील दोन किटे एकाच वेळी दुकानात असतात. टामियाचे १/४८ स्पिटफायर मार्क १ हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. १९९० च्या दशकातल्या किटचा क्रमांक ६१०३२ आहे, आणि २०१८ मध्ये पूर्णतः नव्या साच्यातून आलेल्या किटचा ६१११९. जुन्यासाठी बनवलेले कॉकपिट नव्यात बसत नाही. मिग-२१ बाबतही हेच आहे. १/४८ मध्ये अकॅडमीचे जुने किट अजून मिळते आणि त्यासाठी बनवलेले रेझिन भाग एड्युआर्डच्या धडात जुळत नाहीत. म्हणून ॲक्सेसरीच्या पाकिटावर ती कोणत्या कंपनीच्या किटसाठी आहे ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. स्केलमेट्ससारख्या संकेतस्थळावर किटची वंशावळ सापडते; तेही न जमल्यास स्प्रूवर (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर) कोरलेले वर्ष पाहावे, आणि पॅनेल रेषा (पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या रेषा) कोरलेल्या आहेत की उठावाच्या, हे पाहावे. उठावाच्या रेषा बहुधा जुन्या साच्याची खूण असतात.

भारतीय विमाने करणाऱ्यांसाठी याहून मोठा सापळा नॅट या छोट्या लढाऊ विमानाचा आहे, आणि पुढचे विमान म्हणून आपण त्याचा विचार कराल अशी शक्यता आहे म्हणून सांगतो. एअरफिक्सची अलीकडची नॅट किटे सुबक आहेत, पण ती ब्रिटिशांच्या दोन आसनी टी-१ प्रशिक्षण विमानाची आहेत. १९६५ आणि १९७१ मध्ये आपल्या वायुसेनेने लढवलेले नॅट एक आसनी एफ-१ होते. टी-१ चे धड लांब आणि पंख मोठे आहेत. केवळ एक आसन झाकून किंवा भारतीय डीकल लावून त्याचे एफ-१ होत नाही.

संदर्भासाठी दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात जाण्याचा योग आला तर तिथे मिग-२१ जवळून पाहता येईल. खोबणी, झाकणांचे आकार, पिटो नळीची नेमकी जागा यांसाठी असे विमान उत्तम संदर्भ असते. रंगासाठी मात्र प्रदर्शनातल्या विमानावर विसंबू नये. ती पुन्हापुन्हा रंगवलेली असतात. रंग आणि खुणा यांसाठी त्याच क्रमांकाच्या विमानाचे सेवाकाळातले छायाचित्र शोधावे. एका छायाचित्रावर आधारलेले एकच ठरावीक विमान करायचे, हा नियम मी गेली अनेक वर्षे पाळतो; त्यामुळे कोणती अँटेना लावायची आणि पंखाखाली काय टांगायचे हे प्रश्न आपोआप सुटतात.

डब्यात भारतीय खुणा नसतील तर वेगळे डीकल घ्यावे लागतील. त्यांत केशरी रंगाची अपारदर्शकता तपासावी. आपल्या वर्तुळचिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि केंद्रात हिरवा असतो. गडद छलावरणावर (कॅमोफ्लाजच्या रंगांवर) पातळ छपाईचा केशरी रंग मातकट दिसतो. अशा वेळी डीकलच्या जागी आधी पांढऱ्या रंगाचे वर्तुळ एअरब्रशने मारून घ्यावे. डीकल नेहमी चकचकीत वार्निशवर लावावेत, कारण खरखरीत पृष्ठभागावर त्यांच्याखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग उमटतात.

शेवटी आपण वेळेबद्दल लिहिले आहे, की काम जुलै-ऑगस्टमध्ये करावे लागेल. नाशिकला मुंबई-कोकणाइतकी दमट हवा नसली, तरी पावसाळ्यात लॅकर वार्निश मारू नये. थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली वाफ जमते आणि वार्निश पांढुरके पडते. जोडणी, घासकाम, कॉकपिट ही कामे पावसात उरकावीत आणि वार्निश एखाद्या कोरड्या दुपारसाठी राखून ठेवावे. डीकलचा कागद सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत ठेवावा, नाहीतर त्यावर बुरशीचे ठिपके येतात. परदेशातून भाग मागवणार असाल तर सर्व वस्तू एकाच पार्सलमध्ये मागवाव्यात, म्हणजे टपालखर्च एकदाच द्यावा लागतो. रंग आणि थिनर मात्र त्यात घालू नयेत. ज्वलनशील म्हणून हवाई टपालात ते अडकतात आणि त्यांच्याबरोबर आपली पिटो नळीही अडकून पडते. रंग भारतातल्याच दुकानातून घ्यावेत.